अनोळखी होस्टनेमला दार कोण उघडतं: एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण चार जणांच्या एका टीमचं आहे आणि मी त्या चौघांतला एक. आमचं वेब ॲप संस्थांना भेटीच्या वेळा लावून देतं: कोण कधी येणार, कुणाला भेटणार, कुठली खोली रिकामी आहे. संस्थांची नावं इथे देत नाही. आमच्या डोमेनला अमुक म्हणू आणि संस्थांना अ, ब, क, ड. यातलं ‘अ’ मात्र नुसत्या सोयीसाठी घेतलेलं नाही. त्या संस्थेचं नाव खरोखरच वर्णक्रमात सगळ्यांच्या आधी येतं आणि सगळं रामायण त्यावरूनच झालं.

सुरुवातीला सगळ्या संस्था एकाच होस्टनेमवर, म्हणजे साइटच्या एकाच नावावर होत्या, फक्त पाथ, म्हणजे नावानंतरचा पत्त्याचा भाग, वेगळा. मग प्रत्येकीला आपापलं नाव हवंसं वाटू लागलं आणि आम्ही सबडोमेनं, म्हणजे आमच्या डोमेनच्या पुढे जोडलेली वेगळी नावं, दिली. पुढे ॲडमिन पॅनल वेगळ्या सबडोमेनवर नेलं, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमांसाठीचं दार) तिसऱ्या. सगळ्यांच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून उभा, म्हणजे येणारी रिक्वेस्ट आधी तो घेतो आणि मग मागच्या ॲपकडे देतो; त्याच्याही पुढे लोड बॅलन्सर, जो रिक्वेस्टा सर्व्हरांत वाटतो. एका संस्थेला मोठ्या फाइली चढवायच्या होत्या, एक संस्था अजून ॲपच्या जुन्या आवृत्तीवर होती. म्हणून प्रत्येक संस्थेची कॉन्फिग फाइल, म्हणजे एन्जिनएक्सच्या नियमांची फाइल, वेगळी, हाताने लिहिलेली. संस्था आली की शेजारची फाइल कॉपी करायची आणि नाव बदलायचं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकाच आयपी पत्त्यावर शंभर नावं नांदत असतील, तर आपल्याला कुठल्या नावाने हाक मारली हे सर्व्हरला कळावं लागतं. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात त्या एचटीटीपीच्या १.० आवृत्तीत नाव सांगण्याची सक्ती नव्हती. १९९७ साली एचटीटीपी १.१ आलं आणि होस्ट हेडर, म्हणजे रिक्वेस्टमधली नाव सांगणारी ओळ, बंधनकारक झाला. तो नसेल तर सर्व्हरने ४०० (चुकीची रिक्वेस्ट) म्हणून परत पाठवायचं. टीएलएसची, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या सुरक्षित जोडणीची, अडचण वेगळी. तिथे सर्टिफिकेट, म्हणजे हे नाव आपलंच असल्याचा दाखला, दाखवावं लागतं ते रिक्वेस्ट येण्याच्याही आधी. म्हणून २००३ साली एसएनआय आलं, ज्यात ब्राउझर हँडशेकच्या, म्हणजे जोडणी ठरवण्याच्या बोलण्याच्या, पहिल्याच निरोपात नाव सांगून टाकतो. थोडक्यात, एचटीटीपीएसवर नाव दोनदा सांगितलं जातं. आणि दोन्ही वेळा ते सांगणारा समोरचा असतो, आपण नव्हे.

काय बिघडलं

ब संस्थेला स्वतःचं डोमेन हवं होतं. त्यांनी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सी-नेम लावलं, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद. डोमेनच्या मुळाशी सी-नेम लावता येत नाही, म्हणून तिथे ए रेकॉर्डने, म्हणजे नावापुढे थेट आयपी लिहिणाऱ्या नोंदीने, आमचा आयपी दिला. आम्ही संध्याकाळी फाइल टाकली, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला पत्ता उघडून पाहिला, कुलूप हिरवं दिसलं आणि घरी गेलो.

सकाळी फोन. ब संस्थेच्या कार्यालयात कुणीतरी नुसतं डोमेन टाइप केलं होतं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता, आणि समोर अ संस्थेचं लॉगिन पान आलं. त्यांचा लोगो, त्यांचं नाव, आणि सर्टिफिकेटबद्दल ब्राउझरची जराही कुरकुर नाही. फोनवरच्या बाईंनी विचारलं, “आमची माहिती त्यांना दिसते आहे का?” माहिती दिसत नव्हती. पण ‘नाही’ म्हणायला मला अर्धा तास लागला, कारण ते तपासल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

शोध

आमच्या प्रत्येक फाइलमध्ये पोर्ट ८० साठी, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारासाठी, एक छोटा ब्लॉक (नियमांचा गट) होता: जो येईल त्याला ३०१ (‘पत्ता कायमचा बदलला’) देऊन या संस्थेच्या एचटीटीपीएस पत्त्यावर पाठव. पत्ता त्यात ठोकून बसवलेला. एन्जिनएक्सला होस्टनेम कुठल्याच ब्लॉकशी जुळताना दिसलं नाही, तर तो त्या पोर्टचा डीफॉल्ट ब्लॉक वापरतो. डीफॉल्ट कुणीच नेमलेला नसेल, तर कॉन्फिगमध्ये जो पहिला वाचला गेला तोच डीफॉल्ट. फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. पहिली फाइल अ संस्थेची.

ब संस्थेच्या फाइलमध्ये फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं नाव होतं. नुसतं डोमेन आलं, ते अनोळखी ठरलं, अ च्या ब्लॉकमध्ये पडलं आणि तिथून सरळ अ च्या खऱ्या, वैध सर्टिफिकेटच्या पत्त्यावर गेलं. ब्राउझरच्या दृष्टीने सगळं शिस्तीत झालं. हीच रिक्वेस्ट थेट ४४३ वर, म्हणजे एचटीटीपीएसच्या पोर्टवर, आली असती, तर सर्टिफिकेटचं नाव जुळलं नसतं आणि निदान लाल पान तरी दिसलं असतं. साध्या एचटीटीपीने तेवढीही अडवणूक केली नाही.

म्हणजे हे ब संस्थेपासून सुरू झालेलंच नव्हतं. नुसत्या आयपीवर येऊन थडकणारे स्कॅनर, बंद पडलेल्या जुन्या नावांवरून येणारे, सगळे पहिल्या दिवसापासून अ च्या दारात जात होते. अ संस्थेने मागे एकदा विचारलंही होतं की त्यांच्या लॉगिन पानावर इतक्या भेटी कशा. “बॉट असतात हो,” असं सांगून आम्ही विषय मिटवला होता.

खणायला लागल्यावर आणखी दोन गोष्टी सापडल्या.

पहिली ॲपमध्ये. होस्टनेमवरून संस्था शोधणाऱ्या कोडच्या शेवटी एक ओळ होती: संस्था सापडली नाही तर टेबलमधली पहिली घे. लिहिणारा मीच. लॅपटॉपवर लोकलहोस्ट (आपल्याच मशीनचं नाव) चालावं म्हणून लिहिली होती आणि तशीच प्रॉडक्शनला, म्हणजे चालू साइटवर, गेली. टेबलमधली पहिली संस्था कुठली, हे सांगायला नको. प्रॉक्सीचं चुकलं तर ॲप सावरेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात दोघेही चुकलेल्याला एकाच घरात नेऊन सोडत होते, म्हणून चूक कधी चुकीसारखी दिसलीच नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पासवर्ड विसरल्यावर जाणाऱ्या मेलमधली लिंक ॲप होस्ट हेडरवरून बनवत होतं. कुणी मुद्दाम खोटं नाव घालून दुसऱ्याच्या खात्यासाठी रीसेट मागितला, तर त्या माणसाला आमच्याकडून खरा मेल गेला असता, पण लिंक खोट्या ठिकाणची. हा हल्ला जुना आहे. जँगो या वेब फ्रेमवर्कने २०१३ पासून परवानगी असलेल्या होस्टची यादी मागायला सुरुवात केली, रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कने ६.० मध्ये तसाच पहारा बसवला. आमच्या फ्रेमवर्कनेही यादी मागितली होती. आम्ही तिथे फुली टाकून ‘सगळे चालतील’ असं उत्तर दिलं होतं, कारण संस्थांची नावं सारखी वाढत होती.

समोरचे पर्याय

ब चं नुसतं डोमेन फाइलमध्ये घालून फोनवाल्या बाईंना कळवणं, एवढं दहा मिनिटांत झालं. पुढच्या व्यवस्थेवर मात्र दोन दिवस वाद चालला.

एकाने अर्धं गमतीत सुचवलं की सबडोमेनं सोडा, परत पाथवर चला. ते मी लगेच धुडकावलं नाही, कारण त्यात खरोखर साधेपणा आहे. पण पाथवर सगळ्या संस्था ब्राउझरच्या नजरेत एकच ओरिजिन, म्हणजे एकच घर, होतात. एका संस्थेच्या पानात कुणी स्क्रिप्ट घुसवली, तर ती शेजारच्या संस्थेचं लोकल स्टोरेज (ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती) वाचू शकते. होस्टनेम वेगळं असलं की ही भिंत ब्राउझर आपणहून घालतो. फुकट मिळणारी भिंत पाडायला मन होईना.

प्रत्येक संस्थेला वेगळी प्रोसेस द्यायची, हा पर्याय मेमरीच्या हिशोबातच मेला.

खरी झुंज दोन पर्यायांत होती. एक, फाइली तशाच ठेवायच्या, फक्त शिस्त आणायची आणि डीफॉल्ट ब्लॉक नेमायचा. दोन, प्रॉक्सीने सगळं डोळे मिटून ॲपकडे द्यायचं आणि कुठलं नाव कुणाचं हे ॲपने डेटाबेसमधून ठरवायचं. दुसरा पर्याय मला आवडला होता. सत्य एकाच जागी राहतं, नवी संस्था आली की टेबलमध्ये एक ओळ घातली की झालं.

निर्णय सर्टिफिकेटने करून दिला. आमच्या सबडोमेनांना वाइल्डकार्ड सर्टिफिकेट, म्हणजे सगळ्या सबडोमेनांना चालणारं एकच, पुरत होतं. संस्थेच्या स्वतःच्या डोमेनला मात्र वेगळं लागतं आणि ते हँडशेकच्या वेळी प्रॉक्सीच्याच हातात असावं लागतं. म्हणजे प्रॉक्सीला नावं माहीत असणं भागच आहे. मग त्याने अनोळख्याला दारातच का अडवू नये?

शेवटी विभागणी अशी ठरली. ही रिक्वेस्ट कुठल्या प्रकारची, ॲडमिनची, एपीआयची की संस्थेची, हे प्रॉक्सी ठरवणार. संस्थेची असेल तर कुठल्या संस्थेची, हे ॲप ठरवणार. नावांची मूळ यादी डेटाबेसमध्ये. तिच्यावरून प्रॉक्सीची नकाशा-फाइल आपोआप तयार होणार, कॉन्फिग तपासली जाणार आणि मगच रीलोड. यादीच्या दोन प्रती झाल्या, हे मला अजूनही खटकतं. पण दुसरी प्रत कुणी हाताने लिहीत नाही, एवढ्यावर मी मान्य झालो.

अनोळखी नावाला काय उत्तर द्यायचं, यावरही बराच काथ्याकूट झाला. एन्जिनएक्समध्ये ४४४ लिहिलं की काही न बोलता कनेक्शन तुटतं, आणि स्कॅनरांसाठी ते छानच. पण एखाद्या संस्थेने आम्हाला कळवायच्या आधीच डीएनएस वळवलं, तर त्यांना कोरं पान दिसेल आणि ते आपलं नेटवर्क तपासत बसतील. चुकीच्या दारी आलेल्यांसाठी ४२१ हा कोड २०१५ साली एचटीटीपी २ बरोबर आला. अर्थाने तो चपखल, पण माणसाला त्यातून काही उलगडत नाही. आम्ही पोर्ट ८० वर ४०४ आणि एका वाक्याचं पान ठेवलं, ज्यात कुठल्याही संस्थेचं नाव नाही. ४४३ वर हँडशेकच नाकारायचा; एन्जिनएक्सच्या १.१९.४ पासून त्यासाठी स्वतंत्र डायरेक्टिव्ह (कॉन्फिगमधली आज्ञा) आहे.

काय केलं

पहिल्या डिप्लॉयला, म्हणजे बदल चालू साइटवर टाकताच, साइट बंद पडली. सगळ्या संस्थांची.

लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरची तब्येत विचारतो आणि विचारताना होस्ट हेडरमध्ये नुसता आयपी घालतो. आजवर ती विचारपूससुद्धा अ संस्थेच्या ब्लॉकमध्ये पडत होती आणि तिथला ३०१ ‘जिवंत’ म्हणून धरला जात होता. आता तिला ४०४ मिळाला. एकामागून एक सर्व्हर आजारी ठरले आणि लोड बॅलन्सरने सगळेच काढून टाकले. जुनी कॉन्फिग परत आणली. दुसऱ्या दिवशी तब्येतीच्या तपासणीसाठी वेगळा पोर्ट आणि वेगळा ब्लॉक केला, मग डीफॉल्ट नकार पुन्हा लावला. या वेळी एका वेळी एकाच सर्व्हरवर.

संस्थांचे वेगळे ब्लॉक एकत्र करताना दुसरा खड्डा लागला. तो सुदैवाने स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या प्रतीवर, सापडला. टीममधली मैत्रीण क संस्थेचं पान तपासत होती आणि म्हणाली, “हा लोगो ड चा आहे.” रिफ्रेश केलं, तरी ड चाच. डेटाबेस बरोबर, ॲप बरोबर, ॲपला थेट विचारलं तर लोगोही बरोबर. मधे उरली प्रॉक्सीची कॅश, म्हणजे एकदा आलेली उत्तरं पुन्हा देण्यासाठी साठवणारी जागा. एन्जिनएक्सची कॅशची मूळ किल्ली, जिच्यावरून साठवलेलं उत्तर शोधलं जातं, तीन गोष्टींची असते: स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस), प्रॉक्सी होस्ट आणि पत्ता. यातला प्रॉक्सी होस्ट म्हणजे ब्राउझरने घेतलेलं नाव नव्हे, मागच्या ॲप-सर्व्हरचं नाव. पूर्वी प्रत्येक फाइलमध्ये मागच्या सर्व्हरला वेगळं नाव होतं, त्यामुळे किल्ल्या योगायोगाने वेगळ्या राहत होत्या. आम्ही नीटनेटकेपणा करून सगळ्यांना एकच नाव दिलं आणि सगळ्या संस्थांच्या लोगोची किल्ली एक झाली. जो आधी मागेल त्याचा लोगो सगळ्यांना. किल्लीत मूळ होस्ट घातला आणि प्रश्न संपला. पण कॅशमध्ये लोगोऐवजी कुणाची भेटीची यादी असती तर, हा विचार त्या रात्री डोक्यातून गेला नाही.

याच स्वभावाची आणखी एक गोष्ट: काही सांगितलं नाही, तर एन्जिनएक्स मागच्या ॲपला होस्ट म्हणून हेच प्रॉक्सी होस्टचं नाव पाठवतो, ब्राउझरचं नव्हे. ब्राउझरचं नाव पाठवायला सांगणारी ओळ आमच्या सगळ्या फाइलींत होती, हे नशीब. आता ती एकाच जागी आहे.

ॲपमधली ‘पहिली घे’ ओळ उडवली. विकासासाठी लोकलहोस्टच्या पुढे संस्थेचं नाव लावायचं ठरवलं. क्रोम आणि फायरफॉक्स अशी नावं आपल्याच मशीनकडे वळवतात. नाव ताडून पाहण्याआधी ते लहान लिपीत आणणं, पोर्ट आणि शेवटचा टिंब काढणं, हे सगळं एका फंक्शनमध्ये गेलं. मेलमधल्या लिंका आता संस्थेच्या नोंदलेल्या नावावरून बनतात, हेडरवरून नाही.

कुकीवर थोडी कुरबुर झाली. ॲडमिनमध्ये एकदा लॉगिन केलं की सगळ्या संस्थांत शिरता यावं, म्हणून सेशन कुकी (ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण) संपूर्ण अमुक डोमेनसाठी लावलेली होती. म्हणजे ती प्रत्येक सबडोमेनला जात होती. ती ज्या त्या होस्टपुरती केली. सपोर्टवाल्यांची सोय गेली, त्याबदल्यात एकदाच चालणारी लिंक दिली. ते अजून नाराज आहेत.

३०१ चं शेपूट

हे वेगळ्या मथळ्याखाली घेतो, कारण सगळ्यात जास्त दिवस यानेच खाल्ले. ३०१ म्हणजे कायमचा पत्ता बदलला, आणि ब्राउझर ते मनावर घेतात. ब संस्थेतल्या ज्यांनी त्या सकाळी नुसतं डोमेन उघडलं होतं, त्यांचे ब्राउझर आमच्याकडे न विचारताच थेट अ कडे जात राहिले. आमच्या बाजूने सगळं दुरुस्त, लॉगमध्ये त्यांची रिक्वेस्टच नाही, आणि फोन मात्र चालू. “कॅश साफ करा” हे वीस जणांना फोनवर सांगणं म्हणजे शिक्षा.

उपाय एचएसटीएस या हेडरमध्ये सापडला. ब च्या एचटीटीपीएस पत्त्यावर आम्ही हा हेडर लावला, मुदत सुरुवातीला छोटी. मग त्यांना एक मेल पाठवला, ज्यात एचटीटीपीएससकट पूर्ण लिंक होती. ती एकदा उघडली की ब्राउझर लक्षात ठेवतो: या नावावर साध्या एचटीटीपीने जायचंच नाही. यापुढे नुसतं डोमेन टाइप केलं तरी कॅशमधला जुना ३०१ पाहण्याआधीच पत्ता बदलला जातो. त्यात सबडोमेनं सामील करायची नाहीत, हे मुद्दाम पाळलं. डोमेन त्यांचं आहे; त्यांच्या इतर सबडोमेनांवर काय चालतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

परिणाम

प्रत्येक डिप्लॉयला आता एक छोटी स्क्रिप्ट चालते. ओळखीचं नाव, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय, मोठ्या लिपीत, शेवटी टिंब देऊन, अनोळखी नाव, नुसता आयपी, होस्ट हेडरच नाही. प्रत्येकाला काय उत्तर यायला हवं ते शेजारी लिहिलेलं. यात एक बारकावा आहे. कर्ल या रिक्वेस्ट पाठवणाऱ्या टूलमध्ये नुसता होस्ट हेडर बदलला तर एसएनआयमध्ये मूळ नावच राहतं आणि चाचणी खोटा धीर देते. म्हणून रिझॉल्व्ह पर्याय वापरायचा, ज्याने दोन्हीकडे एकच नाव जातं.

नवी संस्था जोडायला आता कुणी फाइल कॉपी करत नाही. डोमेनबद्दल विचारताना अर्जात सरळ प्रश्न आहे: लोक तुम्हाला आणखी कुठल्या नावांनी शोधतात?

पुन्हा करायचं झालं तर

डीफॉल्ट नकार पहिल्या दिवशी लावता आला असता. तेव्हा एकच संस्था होती, पाच ओळींचं काम होतं. नंतर लावला तेव्हा तब्येतीच्या तपासणीपासून जुन्या बुकमार्कपर्यंत बरंच काही त्या चुकीच्या वाटेवर विसंबून बसलेलं निघालं.

नवीन नावाला पहिले काही दिवस ३०२ (तात्पुरता पत्ताबदल) द्यायला हवं होतं. ३०१ ची घाई कुणालाच नव्हती.

ए रेकॉर्डचा निर्णय मात्र मी अजून बरोबर की चूक ठरवू शकलेलो नाही. संस्थेने आमचा आयपी आपल्या डीएनएसमध्ये लिहिला की तो पत्ता आम्हाला सहजी बदलता येत नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचंच नाव वापरा आणि मुळावरून तुमच्याकडेच रीडायरेक्ट लावा, असं सांगायला हवं होतं. पण तेवढं लावून देणारं माणूस प्रत्येक संस्थेत नसतं. सध्या तो आयपी आम्ही सांभाळून आहोत.

अ संस्थेला आम्ही झालेलं सगळं लेखी कळवलं. त्यांनी ते शांतपणे घेतलं. महिनाभराने त्यांचा फोन आला. लॉगिन पानाच्या भेटी अचानक खूपच कमी झाल्या आहेत, वरिष्ठ विचारताहेत, तुमच्याकडे काही बिघडलंय का?